ज्यू विद्यार्थिनीला त्रास होत असेल तर अमेरिकी विद्यापीठाची जबाबदारी कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. तुम्ही अमेरिकेतील एका खासगी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहात. वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहणारी तुमची मैत्रीण ज्यू आहे. तिच्या दारावरचा मेझुझा (ज्यू घरांच्या दारावरची पवित्र डबी) कोणीतरी दोनदा उपटून टाकला. विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासगटाने ‘आधी इस्रायलचा निषेध कर, मग ये’ असे सांगून तिला बाहेर ठेवले. विभागाच्या कार्यालयात ती बोलायला गेली, तेव्हा ‘सध्या वातावरण तापलेले आहे, थोडे दिवस जाऊ द्या’ असे उत्तर मिळाले. गाझातील नागरिकांच्या हालांविरुद्ध निघालेल्या एका शांततापूर्ण मोर्चात तुम्ही स्वतः चालला होतात, आणि तरीही मैत्रिणीच्या बाजूने साक्ष द्यावी असे तुम्हाला वाटते. यात विसंगती आहे का, यातले काय अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते आणि काय भेदभावात, आणि विद्यापीठाला काय करायला भाग पाडता येते, असे तुम्ही विचारले आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर लगेच देते: विसंगती नाही. एखाद्या सरकारच्या युद्धनीतीला विरोध करणे आणि एका सहाध्यायी मुलीला ती ज्यू आहे म्हणून त्रास होऊ नये असे म्हणणे, या दोन्ही भूमिका एकच व्यक्ती एकाच दिवशी प्रामाणिकपणे घेऊ शकते. अमेरिकेतील मोर्चांमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे गटही सामील होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. विद्यापीठांतील भेदभावाच्या तक्रारी हाताळण्याच्या कामात मी बराच काळ घालवला आहे. अशा प्रकरणांत सर्वाधिक वेळ एका चुकीच्या प्रश्नावर वाया जातो असे माझे मत झाले आहे. तो प्रश्न म्हणजे ‘ही घोषणा ज्यूद्वेषी आहे की नाही?’ समित्या त्यावर महिनोन्‌महिने चर्चा करतात, आणि तोवर तक्रार करणारी मुलगी खोली बदलते, विषय सोडते किंवा सरळ घरी निघून जाते. कायदा वेगळेच प्रश्न विचारतो. विद्यार्थिनीला ज्यू असल्यामुळे त्रास दिला गेला का? त्या त्रासाने तिच्या शिक्षणाच्या संधी आकुंचित झाल्या का? विद्यापीठाला ते कळल्यावर त्याने काय केले? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक प्रकरणांचा निकाल तिथेच लागतो.

या कायद्याचा आधार म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील सहावा भाग, ज्याला तिथे सगळे ‘टायटल सिक्स’ म्हणतात. संघीय सरकारकडून आर्थिक साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वंश, रंग किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करता येत नाही, असे तो सांगतो. संशोधन अनुदाने आणि विद्यार्थ्यांची सरकारी शैक्षणिक कर्जे यांमुळे जवळपास सर्वच खासगी विद्यापीठे त्याच्या कक्षेत येतात. या यादीत ‘धर्म’ हा शब्द मात्र नाही, आणि अनेक जण येथेच अडखळतात. ज्यू हा धर्मसमुदाय आहे, मग हा कायदा त्यांना कसा लागू होतो? त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने घडत गेले. १८ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक मेरीलँडमधील विद्रूप केलेल्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचा होता आणि दुसरा अरब वंशाच्या एका प्राध्यापकाचा. १८६६ च्या जुन्या नागरी हक्क कायद्याच्या दृष्टीने ज्यू आणि अरब हे दोन्ही समुदाय वांशिक भेदभावापासून संरक्षणास पात्र आहेत, असे न्यायालयाने मान्य केले. पुढे २००४ मध्ये शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने आणि २०१० मध्ये पुन्हा त्याच कार्यालयाने व न्याय खात्याने स्पष्ट केले की समान वंशपरंपरा किंवा वांशिक वैशिष्ट्ये, प्रत्यक्षातली असोत किंवा केवळ समोरच्याने गृहीत धरलेली, यांवरून होणारा छळ टायटल सिक्समध्ये येतो. डिसेंबर २०१९ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने तीच भूमिका कायम ठेवली आणि नंतरच्या सरकारनेही ती सोडली नाही. हेच संरक्षण मुस्लिम, शीख, हिंदू, अरब आणि पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांनाही त्याच तत्त्वावर मिळते. आज तुमच्या मैत्रिणीसाठी जो नियम वापरला जाईल, तोच उद्या तुमच्यासाठीही वापरला जाऊ शकतो.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो पॅलेस्टिनी मरण पावले, आणि अमेरिकी कॅम्पसवर आंदोलने पेटली. म्हणून हा प्रश्न तेव्हाच जन्मला असे अनेकांना वाटते. तसे नाही. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचा प्रस्ताव मांडला होता. तेव्हा तिथल्या नव्या विद्यार्थ्यांत ज्यूंचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या वर गेले होते. उघड कोटा प्राध्यापकांनी नाकारला, पण थोड्याच वर्षांत अर्जासोबत छायाचित्र, ‘चारित्र्य’ आणि भौगोलिक वैविध्य असे निकष आले, आणि संख्या घटवण्याचे काम त्यांनी आडमार्गाने केले. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी हातात मशाली घेऊन ज्यूंविरुद्ध घोषणा दिल्या होत्या. ज्यूद्वेष एका राजकीय बाजूची मक्तेदारी नाही. आपल्या बाजूला तो असूच शकत नाही असे मानणारी माणसे चौकशी समितीत बसली की तक्रारीचे काय होते, हे मी पाहिलेले आहे.

आता न्यायालये रेषा कुठे ओढतात ते पाहू. येथे थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मैत्रिणीचे प्रकरण याच निकालांच्या प्रकाशात वाचले जाईल.

बॉस्टनमधील संघीय न्यायाधीश रिचर्ड स्टर्न्स यांच्यापुढे २०२४ मध्ये दोन शेजारी संस्थांविरुद्ध ज्यू विद्यार्थ्यांचे दावे आले होते. ३० जुलैला त्यांनी एमआयटीविरुद्धचा दावा फेटाळला. आठवडाभराने, ६ ऑगस्टला, हार्वर्डविरुद्धचा दावा पुढे चालवण्यास त्यांनी परवानगी दिली. शहर एकच होते, काळ एकच होता, आंदोलनेही साधारण त्याच प्रकारची होती, मग फरक कशाचा पडला? एमआयटीने परिस्थिती बिघडत गेली तशी आपली पावले कडक केली: नियम स्पष्ट केले, इशारे दिले, निलंबने केली आणि शेवटी आंदोलकांचे तंबू हटवले. मागे वळून पाहता यापेक्षा चांगले काही करता आले असते, पण न्यायालयाच्या मते हे जाणीवपूर्वक दुर्लक्ष नव्हते. हार्वर्डबाबत विद्यार्थ्यांनी मांडलेले चित्र वेगळे होते. तक्रारी पोहोचत होत्या, प्रतिसाद मात्र डळमळीत आणि कधी कधी परस्परविरोधी होता. त्या टप्प्यावर न्यायालयाला विद्यार्थ्यांचे म्हणणे खरे धरूनच विचार करायचा होता, हे लक्षात ठेवावे. हार्वर्डने जानेवारी २०२५ मध्ये तडजोड केली. एमआयटीचा निकाल ऑक्टोबर २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही कायम केला आणि इस्रायलविरोधी राजकीय आंदोलनाला मोठ्या प्रमाणावर घटनात्मक संरक्षण आहे असे बजावले. या दोन प्रकरणांतून विद्यापीठ प्रशासकांनी शिकण्यासारखे बरेच आहे. सगळा त्रास थांबवण्याची हमी कायदा मागत नाही. कळल्यानंतर वेळेवर, वाजवी आणि परिणामकारक पाऊल उचलावे एवढी त्याची अपेक्षा आहे, आणि पहिले पाऊल अपुरे ठरले तर दुसरे उचलावे लागते.

लॉस एंजेलिसचे प्रकरण याहून ठळक आहे. एप्रिल २०२४ च्या अखेरीस यूसीएलएच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) आवारात पॅलेस्टाइन समर्थकांनी उभारलेल्या तंबूंच्या तळाभोवती काही ठिकाणी आंदोलकांनी अडथळे उभे केले, आणि इस्रायलविषयीची आपली श्रद्धा सोडायला तयार नसलेल्या ज्यू विद्यार्थ्यांना तिथून जाऊ दिले नाही, असा आरोप होता. विद्यापीठाने मार्ग मोकळा करण्याऐवजी विद्यार्थ्यांना दुसऱ्या वाटेने वळवले, असेही दाव्यात म्हटले होते. ऑगस्टमध्ये न्यायाधीश मार्क स्कार्सी यांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्याचे सूत्र मला फार उपयोगी वाटते: आवाराचा एखादा भाग किंवा एखादा कार्यक्रम ज्यू विद्यार्थ्यांसाठी बंद झाला आहे हे माहीत असताना विद्यापीठाने तो इतरांसाठी चालू ठेवायचा नाही. रस्ता कोणी अडवला, विद्यापीठाने की आंदोलकांनी, हा बचाव तिथे चालला नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये विद्यापीठाने साठ लाखांहून अधिक डॉलरची तडजोड केली. याच तळावर ३० एप्रिलच्या रात्री विरोधी जमावाने हिंसक हल्ला केला होता आणि पोलीस यायला कित्येक तास लागले होते, हेही सांगायला हवे. सुरक्षिततेची जबाबदारी टाळली की दोन्हीकडचे विद्यार्थी मार खातात.

बोलणे आणि वागणे यांतील भेद न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वांत स्वच्छ दिसतो. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या ग्रंथालयात काही ज्यू विद्यार्थी आत असताना बाहेर आंदोलक दारे आणि काचा ठोठावत होते. फेब्रुवारी २०२५ मधील आदेशात न्यायाधीशांनी फलक, पत्रके आणि घोषणा यांसारखी सार्वजनिक प्रश्नांवरील राजकीय अभिव्यक्ती बाजूला काढली. ती कितीही बोचरी असली तरी तिच्या आधारावर छळाचा दावा उभा राहत नाही, असे त्यांनी म्हटले. ग्रंथालयातील प्रसंग मात्र त्यांनी पुढे चालू ठेवला, कारण तिथे विशिष्ट विद्यार्थ्यांना शारीरिक धाक वाटेल असे वर्तन होते. ‘नदीपासून समुद्रापर्यंत’ ही पॅलेस्टाइन समर्थकांची घोषणा चौकात देणे हे बहुतेक वेळा संरक्षित अभिव्यक्तीत मोडेल. तीच घोषणा एका ज्यू मुलीच्या दारावर रात्री रंगवणे, किंवा तिचा पाठलाग करत तिच्या कानाशी ओरडणे, हे लक्ष्य करून केलेले वर्तन आहे. शब्द तेच असले तरी प्रसंग बदलतो, आणि कायदा प्रसंग पाहतो.

तुमच्या मैत्रिणीच्या घटना आता एकेक करून घेऊ.

मेझुझा म्हणजे पवित्र वचने लिहिलेल्या चर्मपत्राची गुंडाळी ठेवलेली, दाराच्या चौकटीवर लावायची छोटी डबी. अलिबागकडे किंवा मुंबईत बेने इस्रायल शेजाऱ्यांच्या घरी जाणे-येणे असलेल्या मराठी वाचकांनी ती पाहिली असेल. शतकानुशतके कोकणात राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या या समाजाला शेजाऱ्यांच्या द्वेषाला तोंड द्यावे लागले नाही. त्यामुळे उपटलेली डबी पाहून आपल्याला ‘खोडसाळपणा’ एवढेच सुचण्याचा संभव असतो. अमेरिकेत २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला आलेल्या ११ जणांना ठार मारण्यात आले, आणि तुमची मैत्रीण त्या आठवणीसह वाढली आहे. दारावरची खूण उपटणारा तिला सांगतो की तू कुठे झोपतेस हे मला ठाऊक आहे. हे कोणत्याही अर्थाने राजकीय मत नाही. यात मालमत्तेचे नुकसान आहे, लक्ष्य निवडलेले आहे आणि घटना दोनदा घडली आहे. करणारा सापडला नाही म्हणून विद्यापीठाची जबाबदारी संपत नाही. कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी जपून ठेवणे, मजल्यावरच्या रहिवाशांशी बोलणे, कॅम्पस पोलिसांत द्वेषमूलक गुन्हा म्हणून नोंद करणे, तिला हवी असल्यास दुसरी खोली देणे आणि तसे घडू नये म्हणून गस्त वाढवणे, हे सर्व ओळख पटण्याआधीही करता येते. खोली बदलण्याची सोय तिच्यासाठी असावी, तिच्यावर लादलेली नसावी. त्रास सोसणाऱ्यालाच हलवून प्रश्न मिटला असे मानण्याची सवय अनेक वसतिगृह कार्यालयांना असते, आणि मला ती अत्यंत अन्यायकारक वाटते.

अभ्यासगटाचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने अधिक नाजूक आहे. चार मित्र खासगीत बसत असतील तर त्यांनी कोणाला बोलवावे हे विद्यापीठ ठरवू शकत नाही. पण गट विभागाने नोंदवलेला असेल, त्याला खोली किंवा निधी मिळत असेल किंवा अभ्यासक्रमातील प्रकल्प त्यातून होत असतील, तर त्याला विद्यापीठाचे भेदभावविरोधी नियम लागू होतात. यापुढचा पेच असा की गटाचे सदस्य म्हणतील, ‘आम्ही तिला ज्यू म्हणून नाकारले नाही, तिच्या राजकीय मतामुळे नाकारले.’ अनेक ज्यू विद्यार्थ्यांसाठी इस्रायलशी असलेले नाते त्यांच्या वंशपरंपरेचा आणि श्रद्धेचा भाग असते. इतर अनेकांसाठी ते तसे नसते, आणि न्यायालयांचेही यावर एकमत झालेले नाही. म्हणून मी अशा वेळी सिद्धान्ताच्या वादात न शिरता एक साधी वस्तुस्थिती शोधते: हीच अट गटातील इतरांना घातली होती का? ज्यू नसलेल्या कोणालाही आधी इस्रायलचा निषेध करायला सांगितले नसेल आणि फक्त तिलाच, तिचे आडनाव किंवा गळ्यातील चिन्ह पाहून, सांगितले असेल, तर तो मतभेद नाही, ती ओळखीवरून घेतलेली परीक्षा आहे. सांख्यिकीच्या अभ्यासगटात बसण्याआधी भारत सरकारच्या एखाद्या धोरणाचा जाहीर निषेध करा, अशी अट फक्त भारतीय विद्यार्थ्यांना घातली, तर ती राष्ट्रीय मूळावरून केलेली वागणूक ठरेल हे तुमच्या लगेच लक्षात येईल.

या संदर्भात व्हरमाँट विद्यापीठाचे प्रकरण मैत्रिणीने जरूर वाचावे. ऑक्टोबर २०२३ च्या आधीचे असल्यामुळे ते युद्धाच्या गदारोळापासून मुक्त आहे. झायोनिस्ट, म्हणजे इस्रायल या ज्यू राष्ट्राचे समर्थन करणाऱ्या, विद्यार्थ्यांना काही विद्यार्थी गटांनी बाहेर ठेवल्याचे, एका अध्यापन साहाय्यकाने त्यांचे गुण कमी करण्याविषयी समाजमाध्यमांवर लिहिल्याचे आणि ज्यू विद्यार्थी केंद्र असलेल्या इमारतीवर वस्तू फेकल्याचे आरोप होते. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठाने नागरी हक्क कार्यालयाशी करार केला. कार्यालयाचा मुख्य आक्षेप असा होता की माहिती मिळूनही विद्यापीठाने काही आरोपांची रीतसर चौकशीच केली नव्हती. पुढच्या वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या प्रकरणात आणखी एक उणीव दाखवण्यात आली. प्रत्येक घटना सुटी-सुटी हाताळली गेली, पण सगळ्या मिळून ज्यू आणि पॅलेस्टिनी किंवा अरब विद्यार्थ्यांसाठी प्रतिकूल वातावरण तयार झाले का, हे विद्यापीठाने तपासले नव्हते. तुमच्या मैत्रिणीच्या तक्रारीत मेझुझा, अभ्यासगट आणि विभागाचे उत्तर हे सर्व एकाच निवेदनात यायला हवे, त्याचे कारण हेच आहे. तीन कार्यालयांकडे तीन अर्ज गेले तर प्रत्येक जण आपला तुकडा किरकोळ मानेल.

विभागाने दिलेले उत्तर तिच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा ठरू शकतो. ‘थोडे दिवस जाऊ द्या’ असे म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याला गोष्ट कळली होती, हे त्यातून सिद्ध होते. तिने त्या भेटीची तारीख, उपस्थित व्यक्ती आणि झालेले बोलणे नमूद करून त्याच व्यक्तीला एक सभ्य ईमेल पाठवावा आणि भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या कार्यालयाला त्याची प्रत द्यावी. अलीकडे अनेक विद्यापीठांनी टायटल सिक्ससाठी स्वतंत्र समन्वयक नेमले आहेत. असा अधिकारी असेल तर त्यालाही प्रत जावी. ईमेलमध्ये ‘ज्यू असल्यामुळे’ हे शब्द स्पष्ट असावेत. अनेक विद्यार्थी संकोचाने ‘मला असुरक्षित वाटते’ एवढेच लिहितात, आणि मग प्रकरण समुपदेशन कक्षाकडे पाठवून मिटवले जाते. तिला समुपदेशन हवे असेल तर ते जरूर घ्यावे, पण ते चौकशीची जागा घेऊ शकत नाही.

विद्यापीठाने हालचाल केली नाही तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची सक्ती नाही. तक्रार तिनेच करावी असेही नाही, तिच्या वतीने दुसऱ्यालाही ती करता येते. मुदत साधारणतः घटनेपासून १८० दिवसांची असते, आणि अंतर्गत चौकशीची वाट पाहण्यात ती निघून जाण्याचा धोका खरा आहे. हे कार्यालय छळ ‘गंभीर किंवा व्यापक’ होता का ते पाहते. न्यायालयात भरपाई मागायची तर मापदंड अधिक कठोर आहे. १९९९ च्या डेव्हिस खटल्यात लिंगभेदाच्या संदर्भात ठरलेला तो मापदंड येथेही लावतात: छळ गंभीर, व्यापक आणि वस्तुनिष्ठपणे आक्षेपार्ह हवा, विद्यापीठाला त्याची प्रत्यक्ष माहिती हवी आणि त्याचा प्रतिसाद जाणीवपूर्वक दुर्लक्षाच्या पातळीचा हवा. मार्च २०२५ मध्ये या कार्यालयाच्या १२ पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद करण्यात आल्या आणि मनुष्यबळात मोठी कपात झाली. त्यामुळे उत्तराला वेळ लागेल हे गृहीत धरून तिने राज्याच्या मानवी हक्क यंत्रणेचा पर्यायही तपासावा.

याच संदर्भात, विचारले नसले तरी, माझे एक मत मांडणे मला आवश्यक वाटते. २०२५ मध्ये संघीय सरकारने ज्यूद्वेषाचे कारण देऊन कोलंबिया विद्यापीठाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने रद्द केली आणि हार्वर्डची २०० कोटींहून अधिक डॉलरची अनुदाने गोठवली. टायटल सिक्समध्ये निधी रोखण्याची तरतूद आहे, पण त्याआधी नोटीस, ऐच्छिक सुधारणेची संधी, सुनावणी आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, अहवाल असे टप्पे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी हार्वर्डवरील कारवाई बेकायदेशीर ठरवली, आणि ज्यूद्वेषाचा मुद्दा खरा हेतू झाकणाऱ्या पडद्यासारखा वापरला गेला असे नोंदवले. हार्वर्डने ज्यूद्वेषाबाबत आधीच अधिक करायला हवे होते, असेही त्यांनी त्याच निकालात म्हटले आहे, आणि ती दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. कर्करोगावरील संशोधन थांबवल्याने एकाही ज्यू विद्यार्थिनीचे दार सुरक्षित होत नाही. त्या प्रयोगशाळांत ज्यू विद्यार्थीही काम करतात, आणि निधी गेल्याचा राग पुन्हा त्यांच्यावरच निघण्याची भीती असते.

ज्यूद्वेषाच्या व्याख्येच्या वादावर फार वेळ घालवू नये असे मी म्हणाले, पण थोडी माहिती असावी. होलोकॉस्ट स्मृतीविषयीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये स्वीकारलेली कार्यव्याख्या अनेक विद्यापीठे संदर्भासाठी वापरतात. तिच्यासोबत ११ उदाहरणे आहेत आणि त्यांपैकी सात इस्रायलशी संबंधित आहेत. इतर कोणत्याही देशावर केली जाते तशी टीका इस्रायलवर करणे ज्यूद्वेष ठरत नाही, असे तीच व्याख्या सांगते. मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनी स्वतः ती कॅम्पसवर भाषणाची आचारसंहिता म्हणून लादण्यास विरोध केला आहे. हेतू ओळखायला तिचा उपयोग होतो. उदाहरणार्थ, ‘माध्यमे आणि बँका ज्यूंच्या मुठीत आहेत’ किंवा ‘इस्रायलच्या कृत्यांना इथला प्रत्येक ज्यू जबाबदार आहे’ असे बोलणारा माणूस काय करतो आहे हे तिच्यामुळे नेमके सांगता येते. शिक्षेचे कलम म्हणून ती वापरली की मात्र वर्गातली प्रामाणिक चर्चा आटते.

परीक्षा आणि सणांविषयी एवढेच: योम किप्पुर, रोश हशाना किंवा शनिवारचा शब्बाथ यांसाठी सवलत हा प्रामुख्याने धार्मिक आचाराचा प्रश्न असल्याने त्याची उत्तरे राज्याच्या कायद्यांत आणि विद्यापीठाच्या धोरणात मिळतात. इतर धर्मीयांना सवलत देऊन ज्यू विद्यार्थ्यांना नाकारली, तर गोष्ट पुन्हा भेदभावाकडे जाते.

आता तुमच्याविषयी. तक्रार करणाऱ्याइतकेच साक्षीदारालाही सूडाच्या कारवाईपासून संरक्षण आहे. साक्ष दिल्यामुळे शिष्यवृत्ती, गुण किंवा अध्यापन साहाय्यकाचे काम यांवर परिणाम झाला, तर ती स्वतंत्र तक्रार होते. तुमच्या जबाबात स्वतः पाहिलेले आणि ऐकीव असे वेगळे लिहा, छायाचित्रांवरच्या तारखा जपा, आणि मोर्चात सहभागी झाल्याचे कोणी विचारले तर लपवू नका. तुमच्या विश्वासार्हतेला त्याने बळच मिळेल. व्हिसाबाबत मात्र मी दुसरा सल्ला देईन. २०२५ मध्ये आंदोलनांशी जोडलेल्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द करण्यात आले आणि काहींना ताब्यात घेण्यात आले. त्या धोरणाविरुद्ध सप्टेंबर २०२५ मध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला, तरी धोका संपला असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. साक्ष देण्यात हा धोका मला तुलनेने कमी वाटतो, पण पुढच्या मोर्चाआधी आणि भारतात ये-जा करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाशी आणि शक्यतो स्वतंत्र स्थलांतर वकिलाशी बोला.

चौकशी पूर्ण झाली की तुमच्या मैत्रिणीला कदाचित ‘योग्य ती कारवाई करण्यात आली आहे’ एवढेच कळेल, कारण विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा दुसऱ्या विद्यार्थ्याची शिक्षा उघड करण्यास सहसा परवानगी देत नाही. त्यामुळे शिक्षा काय झाली यापेक्षा तिच्यासाठी काय बदलले हे लेखी मागावे: दाराजवळची देखरेख, संपर्क न करण्याचा आदेश, गटाच्या नोंदणीच्या अटी आणि विभागातील कर्मचाऱ्यांना तक्रार कुठे पाठवायची याची दिलेली सूचना. संपर्क न करण्याचा आदेश थेट तिच्याशी संबंधित असल्याने त्याचा तपशील तिला मिळू शकतो. पहिल्या ईमेलला दहा-बारा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर स्मरणपत्राची वाट न पाहता नागरी हक्क कार्यालयाचा ऑनलाइन अर्ज भरायला घ्यावा आणि १८० दिवसांची मोजणी मेझुझा पहिल्यांदा उपटला गेला त्या तारखेपासून धरावी.